कागद कोणी पाहिला?

श्रीलंकेच्या दक्षिण टोकावरचे हंबनटोटा बंदर आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत गेली काही वर्षे एकाच वाक्यापुरते येते. चीनने कर्ज दिले, श्रीलंकेला ते फेडता आले नाही, म्हणून चीनने बंदर ताब्यात घेतले. वाक्य सुटसुटीत आहे आणि मराठी वाचकाला ते चटकन पटते, कारण कूळ कर्जात बुडवून जमीन लिहून घेणारा सावकार आपल्या ओळखीचा आहे. १८७५ साली सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले, तेव्हा त्यांना मुख्यतः हवी होती ती कर्जखते, आणि ती हाती लागली तेथे त्यांनी जाळली. हंबनटोट्याविषयी वाचताना मला पुनःपुन्हा या सुप्याची आठवण येत राहिली, पण साम्यामुळे नव्हे. सुप्याच्या शेतकऱ्याला निदान आपले खत कोणाच्या पेटीत आहे हे ठाऊक होते. श्रीलंकेतल्या माणसाला आपल्या नावावर कोणते खत झाले, कोणी केले, त्यात काय लिहिले आहे, यातले काहीच ठाऊक नव्हते, आणि त्याचा राग जितका खत लिहून घेणाऱ्यावर होता त्याहून अधिक ते परस्पर लिहून देणाऱ्या घरच्या माणसावर होता.

हंबनटोट्याची हकिकत त्या एका वाक्यात मावत नाही. मुळात बंदराची कल्पना चिनी नव्हती. दक्षिण किनाऱ्यावर मोठे बंदर असावे ही इच्छा श्रीलंकेच्या राजकारणात फार जुनी आहे. कॅनडाच्या एका अभियांत्रिकी कंपनीने २००३ साली आणि डेन्मार्कच्या रँबोल या कंपनीने २००६ साली तिचा अभ्यासही केला होता. २००५ साली महिंदा राजपक्षे अध्यक्ष झाले. हंबनटोटा हा त्यांचा स्वतःचा जिल्हा, कोरडा, मिठागरांचा, २००४ च्या त्सुनामीने उद्ध्वस्त केलेला. बंदराचा प्रस्ताव आपण आधी भारतापुढे ठेवला होता, असे राजपक्षे पुढे अनेकदा सांगत राहिले. अखेर पहिल्या टप्प्यासाठी चीनच्या एक्झिम या सरकारी बँकेकडून ३० कोटी ७० लाख डॉलरचे कर्ज आले, ६.३ टक्के व्याजाने, म्हणजे मदत म्हणावी असा हा दर नव्हता. २००८ च्या जानेवारीत काम सुरू झाले आणि १८ नोव्हेंबर २०१० रोजी, अध्यक्षांच्या पासष्टाव्या वाढदिवशी, बंदराचे उद्घाटन झाले. मुहूर्त गाठला, पण बंदराच्या तोंडाशी असलेला खडक मोठ्या जहाजांच्या वाटेत तसाच राहिला होता आणि तो फोडायला पुढे वेगळा खर्च करावा लागला. २०१२ साली या बंदरात ३४ जहाजे आली. त्याच वर्षी कोलंबोत ३,६६७ आली. दरम्यान दुसऱ्या टप्प्यासाठी नवे कर्ज काढून झाले होते.

पुढचा भाग बहुतेक जण वगळतात. २०१७ साली चायना मर्चंट्स पोर्ट या कंपनीला बंदर ९९ वर्षांच्या कराराने देण्यात आले आणि त्या बदल्यात श्रीलंकेला सुमारे १ अब्ज १२ कोटी डॉलर मिळाले. ही कर्जाच्या थकबाकीपोटी झालेली जप्ती नव्हती. आलेल्या पैशातून बंदराचे कर्ज फिटलेही नाही. ते डॉलर परकीय गंगाजळी भरण्याच्या कामी आले, कारण इतर देणी अंगावर येत होती, आणि एक्झिम बँकेची कर्जे सरकारच्या डोक्यावर तशीच राहिली. म्हणजे बंदर गेले आणि त्याचे कर्जही उरले. नड भागवण्यासाठी घाईने केलेला हा सौदा होता आणि तो करणारे सरकार राजपक्षेंचे नव्हते; त्यांना हरवून आलेल्या, चिनी करारांची चौकशी करू असे सांगून मते मागितलेल्या लोकांचे होते. न्यायाने सांगायचे तर चिनी कंपनीच्या हाती गेल्यावर बंदराचा धंदा वाढला, विशेषतः मोटारींची एका जहाजावरून दुसऱ्या जहाजावर चढउतार करण्याचा. पण हे सांगायला गेलो की ऐकणारा माझ्याकडे संशयाने पाहतो, आणि या लेखाचा विषय तो संशयच आहे.

श्रीलंकेवरच्या एकूण कर्जाकडे पाहिले तर चित्र आणखी गुंतागुंतीचे होते. सरकारी आकडेवारीत चीनचा वाटा बराच काळ दहा टक्क्यांच्या आसपास दाखवला जाई. सरकारी महामंडळांच्या नावावर घेतलेली कर्जे त्यात नीट धरली जात नव्हती. श्रीलंकेतल्याच अर्थतज्ज्ञांनी ती धरून हिशेब मांडला तेव्हा २०२१ च्या अखेरीस सार्वजनिक परकीय कर्जातला चीनचा वाटा एक पंचमांशाजवळ निघाला. आकडा दुप्पट झाला, तरीही तो सर्वांत मोठा नव्हता. सर्वांत मोठा वाटा होता आंतरराष्ट्रीय रोख्यांचा, म्हणजे लंडन-न्यूयॉर्कच्या गुंतवणूकदारांकडून बाजारभावाने उचललेल्या पैशाचा. या वाटेवर श्रीलंका २००७ साली ५० कोटी डॉलरचे रोखे काढून उतरली आणि मग दर काही वर्षांनी जुने फेडायला नवे काढत गेली. २०२२ च्या जानेवारीत, देशात इंधन आणि दुधाची भुकटी मिळेनाशी होत असताना, सरकारने ५० कोटी डॉलरचा एक रोखा मुदतीत फेडला. त्या दिवशी कोणत्याही रोखेधारकाच्या दारात मोर्चा गेला नाही, कारण रोख्याला दार नसते. त्याची कोनशिला नसते, त्यावर कोणाचे नाव कोरलेले नसते, त्याच्या कुंपणावर परक्या लिपीतली पाटी नसते. चिनी कर्जाचे मात्र बंदर होते, विमानतळ होते, वीजकेंद्र होते, चारपदरी रस्ता होता. राग धरायला काहीतरी दिसावे लागते, आणि ते चीनने, किंवा खरे तर राजपक्षेंनी, भरपूर बांधून ठेवले होते.

२०२२ च्या उठावाची धग ओसरल्यानंतर मी कोलंबोहून त्या चारपदरी रस्त्याने दक्षिणेला गेलो. गॉल आणि मातारापर्यंत गाड्या होत्या. त्यापुढे रस्ता रिकामा होत गेला आणि हंबनटोट्याच्या बाजूला तर इतका मोकळा झाला की चालकाने वेग कमी केला. एवढ्या मोकळ्या रस्त्यावर मोर आडवे येतात, असे तो म्हणाला. मत्तल येथला विमानतळ जवळच आहे. तो २०१३ च्या मार्चमध्ये सुरू झाला, त्याला साधारण २१ कोटी डॉलर लागले आणि त्यातला बहुतेक पैसा एक्झिम बँकेचा होता. नाव अर्थातच राजपक्षेंचे. प्रवासी न आल्यामुळे तेथे मध्यंतरी भात साठवण्यात आला, आणि धावपट्टीवरची हरणे-म्हशी हुसकायला एकदा सैनिक आणि पोलीस लावावे लागले. जगातला सर्वांत रिकामा विमानतळ म्हणून त्याच्यावर इतके लिहून झाले आहे की मी आत गेलो नाही. एखाद्या प्रदेशाची थट्टा पर्यटनाचा विषय झाली की तेथल्या माणसांना काय वाटत असेल, याचाही थोडा संकोच होता.

थांबलो ते वेलिगत्तच्या दह्याच्या दुकानांपाशी. मातीच्या भांड्यांत लावलेले म्हशीचे दही आणि त्यावर कितुल माडाची काकवी, हे त्या भागाचे वैशिष्ट्य आहे. दुकानदाराला इंग्रजी बऱ्यापैकी येत होते आणि चालकाने बाकीची भर घातली. मी अपेक्षेप्रमाणे चीनचा विषय काढला. त्याची चिन्यांविषयी फारशी तक्रार नव्हती. ते दही फारसे खात नाहीत एवढीच त्याची त्यांच्याविषयीची निश्चित माहिती होती. त्याला बोलायचे होते ते आपल्या लोकांविषयी. बंदरात कोणी किती खाल्ले, कोणाच्या मेहुण्याला मुरमाचे कंत्राट मिळाले, औद्योगिक वसाहतीसाठी कोणाची जमीन मोजली आणि कोणाची मोजली नाही, हे तो नावानिशी सांगत होता, आणि त्यातले किती खरे ते कळायला मला काहीच मार्ग नव्हता. बंदराचे पैसे गंगाजळीत गेले, हे मी कुठेतरी वाचलेले त्याला सांगितले. तो हसला. त्या हसण्यात माझ्याविषयी अनादर नव्हता. हे कागदावर छापलेले आहे म्हणजे नक्कीच खोटे असणार, असा त्यात अनुभवाने आलेला निर्वाळा होता.

त्या दुकानापुढच्या बाकावर बसून जे ध्यानात आले ते असे. सरकारवरचा अविश्वास हा खोट्या गोष्टींपुरता मर्यादित राहत नाही. कागद वर्षानुवर्षे झाकून ठेवले की माणसे आपापल्या अनुमानाने त्या जागा भरतात, आणि पुढे एखाद्या दिवशी खरा कागद समोर आला तरी तो त्या भरलेल्या जागेत बसत नाही. मग खरा आकडाही अफवांच्या रांगेत एक अफवा म्हणून उभा राहतो. हंबनटोट्यातल्या बंदराचे नुकसान डॉलरांत मोजता येईल, पण या नुकसानीची नोंद कोणत्याही हिशेबाच्या वहीत नाही.

कागद झाकण्याची पद्धतही समजून घेण्यासारखी आहे, कारण ती एकट्या श्रीलंकेची नाही. एडडेटा आणि तिच्यासोबतच्या संशोधन संस्थांनी २०२१ साली चोवीस देशांनी चिनी सरकारी बँकांशी व संस्थांशी केलेले शंभर कर्जकरार मिळवून वाचले. २०१४ नंतरच्या त्यांच्या हाती आलेल्या प्रत्येक करारात गुप्ततेचे कलम होते किंवा त्याचा उल्लेख होता, आणि बहुधा ते बंधन कर्ज घेणाऱ्यावर होते. काही करारांत तर हे कर्ज अन्य देशांसोबतच्या सामूहिक फेररचनेत आणायचे नाही अशीही अट होती. प्रत्यक्षात व्यवहार होतो तो असा: चिनी कंत्राटदार कंपनी प्रकल्पाची कल्पना घेऊन थेट मंत्र्याकडे जाते, निविदा निघत नाहीत, कारण कर्ज देणारी बँकच कंत्राटदार चिनी असावा असे म्हणते, कर्जाचा पैसा बराचसा बँकेतून परस्पर कंत्राटदाराकडे जातो, आणि कर्जदार देशाच्या तिजोरीत येते ते फक्त देणे. या साखळीत गुप्तता दोघांनाही सोयीची असते. एका देशाला कोणत्या अटी दिल्या हे दुसऱ्याला कळू नये, ही सावकाराची गरज. आपल्या संसदेला कळू नये, ही मंत्र्याची. चीनच्या बाजूने या गुप्ततेत काही विशेष दुष्टपणा असेलच असे नाही. त्यांच्या स्वतःच्या देशातही सरकारी करार लोकांपुढे मांडण्याची रीत नाही. पण ज्या देशात निवडणुका होतात, वर्तमानपत्रे निघतात आणि लोक प्रश्न विचारतात, तेथे ही गुप्तता स्वीकारण्याचा निर्णय तेथल्या सरकारचा असतो, आणि त्याचा जाब बीजिंगला विचारून भागत नाही.

न्यूयॉर्क टाइम्सने २०१८ साली असे वृत्त दिले की २०१५ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी हंबनटोटा बांधणाऱ्या चायना हार्बर या कंपनीच्या खात्यातून ७६ लाख डॉलर राजपक्षेंच्या प्रचाराशी संबंधित लोकांकडे गेले. कंपनीने आणि राजपक्षेंनी ते नाकारले. पुढच्याच वर्षी कोलंबोतल्या कमळाच्या आकाराच्या उंच मनोऱ्याचे उद्घाटन करताना अध्यक्ष मैत्रीपाल सिरिसेना यांनी व्यासपीठावरूनच सांगितले की २०१२ साली एका चिनी कंपनीला दिलेले दोनशे कोटी रुपये कंपनीसकट नाहीसे झाले आहेत. देशाचा अध्यक्ष ज्या वास्तूची फीत कापतो तिच्याच पायाशी अशी शंका मांडतो, आणि दुसऱ्या दिवशी त्यावर आणखी खुलासे-प्रतिखुलासे होतात. सामान्य माणसाने यातून काय उचलावे? त्याने उचलले ते एवढेच, की सगळेच खातात, आणि जो आज सांगतो आहे त्याला वाटा कमी मिळाला असावा.

हे सरकार, म्हणजे अध्यक्ष सिरिसेना आणि पंतप्रधान रनिल विक्रमसिंघे यांचे, ज्या आश्वासनावर निवडून आले त्याची कथा आपल्याकडच्या एका पिढीला अनोळखी वाटू नये. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये शी जिनपिंग यांच्या उपस्थितीत कोलंबोच्या समुद्रात भराव टाकून पोर्ट सिटी उभारण्याचे काम सुरू झाले. १ अब्ज ४० कोटी डॉलरची ही गुंतवणूक चायना हार्बरची होती आणि भरावातली काही जमीन कंपनीला कायमच्या मालकीने मिळणार होती. विरोधी पक्षात असताना विक्रमसिंघे यांनी हा प्रकल्प रद्द करण्याची भाषा केली. सत्तेवर आल्यावर २०१५ च्या मार्चमध्ये काम थांबवले गेले. भरपाईचा आकडा दररोज वाढू लागला, तिजोरी रिकामी होत चालली, आणि २०१६ साली काम पुन्हा सुरू झाले. मालकीची जमीन ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यात बदलली हे खरे, पण प्रकल्प तोच, कंपनी तीच. नेगोंबोच्या मच्छीमारांनी आणि त्यांच्या चर्चमधल्या धर्मगुरूंनी समुद्रातून वाळू उपसण्याला केलेला विरोधही या दुसऱ्या सरकारने पहिल्यासारखाच हाताळला.

माझ्या पिढीने हे दाभोळला पाहिले आहे. एन्रॉनशी १९९२ साली सामंजस्य करार झाला, निविदा न मागवता. १९९३ च्या डिसेंबरात वीजखरेदीचा करार झाला. जागतिक बँकेने त्या प्रकल्पाला पैसा द्यायला नकार दिला होता. १९९५ ची निवडणूक तो प्रकल्प अरबी समुद्रात बुडवण्याच्या घोषणेवर लढवली गेली, ऑगस्टमध्ये नव्या सरकारने तो रद्दही केला, आणि १९९६ उजाडताना तोच प्रकल्प फेरवाटाघाटींनंतर अधिक मोठा होऊन परत आला. पुण्याच्या ‘प्रयास’ने आकडे मांडून ही वीज परवडणारी नाही असे सांगितले होते, २००१ साली प्रकल्प बंद पडला तेव्हा ते आकडे खरे ठरले. माझे आजोळ त्याच बाजूचे. एन्रॉनचे नाव काढले की तेथली म्हातारी माणसे अमेरिकेविषयी बोलत नसत. मुंबईत कोण कोणाला भेटले आणि परत येताना काय घेऊन आले, याविषयी बोलत. कंपनी अमेरिकन होती, चिनी नव्हती, एवढाच काय तो फरक. आपण हंबनटोट्याची गोष्ट चीनची म्हणून सांगतो तेव्हा हा फरक नको तितका मोठा करतो, असे मला वाटते.

तरीही चीनशी व्यवहारात एक वेगळेपण आहे, आणि ते २०२१ च्या शेतीच्या खताच्या प्रकरणात जितके स्पष्ट दिसले तितके बंदरात दिसले नव्हते. त्या वर्षी, अध्यक्षपदी आलेले महिंदांचे भाऊ गोटाबाया राजपक्षे यांच्या सरकारने एकाएकी रासायनिक खतांच्या आयातीवर बंदी घालून देशभर सेंद्रिय शेतीची घोषणा केली. डॉलर वाचवणे हा त्यामागचा हेतू होता हे सगळ्यांना कळत होते. सेंद्रिय खताचे कंत्राट चिंगदाओ येथील सीविन कंपनीला मिळाले. पहिला माल घेऊन ‘हिप्पो स्पिरिट’ हे जहाज निघाले. श्रीलंकेच्या वनस्पती संगरोध विभागातल्या शास्त्रज्ञांनी मालाचे नमुने तपासले, त्यांत पिकांना घातक ठरू शकणारे जिवाणू आढळल्याचा अहवाल दिला आणि माल उतरवायला परवानगी नाकारली. आपल्याकडच्या कोणत्याही सरकारी प्रयोगशाळेत काम केलेल्या माणसाला कळेल की अशा वेळी ‘नाही’ असे लिहून सही करायला काय लागते. कोर्टाने श्रीलंकेच्या सरकारी पीपल्स बँकेला पैसे देण्यापासून रोखले. त्यावर कोलंबोतल्या चिनी वकिलातीने पीपल्स बँकेला काळ्या यादीत टाकल्याचे उघड जाहीर केले, आणि कंपनीने त्या शास्त्रज्ञांच्या विभागाकडूनच भरपाई मागितली. जहाज किनाऱ्याजवळ फिरत राहिले. अखेर २०२२ च्या जानेवारीत श्रीलंकेने सुमारे ६९ लाख डॉलर मोजले, न उतरवलेल्या खताचे. तोवर रासायनिक खताची बंदी बऱ्याच अंशी मागे घेतली गेली होती, आणि भाताचे पीक बुडायचे ते बुडाले होते.

या प्रकरणात दडपण चीनचे होते यात शंका नाही. खासगी कंपनीच्या वादात वकिलातीने बँकेला असे दटावणे हे व्यापाराच्या रीतीत बसत नाही. पण शेतकऱ्याने जे पाहिले ते निराळे होते. आपल्याच सरकारच्या शास्त्रज्ञांनी माल नाकारला आणि आपल्याच सरकारने त्याचे पैसे दिले. शेतकऱ्याच्या बांधावर खत नव्हते, आणि तिजोरीत नसलेले डॉलर या कामाला मात्र सापडले. यानंतर मंत्र्यांनी दूरदर्शनवर येऊन काहीही सांगितले असते तरी ते ऐकायला कोण बसणार होते?

पुढच्या महिन्यांत जे झाले ते साऱ्या जगाने पाहिले. १२ एप्रिल २०२२ रोजी श्रीलंकेने परकीय कर्जाची फेड थांबवली. त्याच्या तीन दिवस आधी कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर तरुणांनी तंबू ठोकून ‘गोटा गो गामा’, म्हणजे ‘गोटा जा’ नावाचे गाव, वसवले होते. सामुदायिक स्वयंपाकघर, ग्रंथालय, औषधोपचाराचा तंबू, सगळे होते. मैदानाच्या एका अंगाला अध्यक्षांचे सचिवालय आणि पलीकडे समुद्रातून वर आलेली पोर्ट सिटीची नवी जमीन. मी गेलो तेव्हा तंबू केव्हाच उठले होते आणि मुले पतंग उडवत होती. उठावात चीनविरोधी घोषणा मुख्य नव्हत्या, हे मला तेथे भेटलेल्या अनेकांनी आवर्जून सांगितले. मागणी होती राजपक्षेंनी जावे आणि लुटलेले पैसे परत यावेत. ९ जुलैला लोक अध्यक्षांच्या प्रासादात शिरले, १३ जुलैला गोटाबाया मालदीवला पळाले आणि दुसऱ्या दिवशी सिंगापूरहून त्यांचा राजीनामा आला. १४ नोव्हेंबर २०२३ रोजी श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने निर्णय दिला की महिंदा, गोटाबाया आणि बासिल हे तीन राजपक्षे बंधू आणि मध्यवर्ती बँकेचे व अर्थखात्याचे तत्कालीन वरिष्ठ अधिकारी यांनी अर्थव्यवस्था हाताळताना जनतेने टाकलेल्या विश्वासाचा भंग केला. शिक्षा झाली नाही. अर्जदारांना खर्चापोटी प्रत्येकी दीड लाख रुपये द्यावेत एवढाच आदेश होता. काहींना हा निकाल पोकळ वाटतो. मला तसे वाटत नाही. देशाला कर्जबाजारी करणे हा केवळ चुकीचा निर्णय नसून नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग आहे असे म्हणणारी न्यायालये आशियात फार नाहीत, आणि दोष कोठे आहे हे सांगताना त्या न्यायालयाने बोट स्वतःच्या राज्यकर्त्यांकडे दाखवले, परक्या सावकाराकडे नाही.

त्याच वर्षी नाणेनिधीने श्रीलंकेच्या राज्यकारभाराची तपासणी करून जो अहवाल दिला त्यातल्या शिफारशी वाचताना काहीसे विषण्ण हसू येते. मोठी सरकारी कंत्राटे संकेतस्थळावर टाका. कोणत्या कंपन्यांना कोणती करसवलत दिली त्याची यादी जाहीर करा. पाऊणशे वर्षांची लोकशाही, उत्तम साक्षरता, २०१६ चा माहिती अधिकार कायदा, आणि एवढे सांगायला बाहेरचा सावकार यावा लागला.

भारतीय म्हणून आपण या सगळ्याकडे नेहमी चीनचे प्रतिस्पर्धी या नात्याने पाहतो आणि त्यामुळे आपल्याविषयी तेथे काय बोलले जाते ते कानाआड होते. २०२२ साली भारताने जवळपास चार अब्ज डॉलरची मदत केली, आणि त्याबद्दल कृतज्ञता मी स्वतः ऐकली. पण त्याच वर्षी जूनमध्ये श्रीलंकेच्या वीज मंडळाच्या अध्यक्षांनी संसदीय समितीपुढे असे सांगितले की मन्नारचा पवनऊर्जा प्रकल्प अदानी समूहाला द्यावा असा भारताच्या पंतप्रधानांचा आग्रह असल्याचे गोटाबाया यांनी आपल्याला सांगितले होते. गोटाबायांनी ते नाकारले, मंडळाच्या अध्यक्षांनी विधान मागे घेतले आणि राजीनामा दिला. खरे काय ते त्या खोलीतल्यांनाच ठाऊक. निविदा मात्र निघाली नव्हती, आणि दराविषयीचा वाद पुढे कोर्टात गेला. २०२५ च्या फेब्रुवारीत समूहाने त्या प्रकल्पातून अंग काढून घेतले. कोलंबोतला एक निवृत्त शिक्षक मला या प्रकरणाविषयी ज्या सुरात बोलला तो अगदी वेलिगत्तच्या दह्याच्या दुकानातला सूर होता, नुसते देशाचे नाव बदललेला. भारताचा अपमान करण्याचा त्याचा हेतू नव्हता. आपल्या सरकारने बंद दाराआड केलेला कोणताही करार आपल्या भल्याचा असू शकत नाही, या निष्कर्षाला तो आयुष्यभराच्या अनुभवाने येऊन पोहोचला होता, आणि त्यात चीन आणि भारत असा भेद करण्याचे त्याला कारण दिसत नव्हते.

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये अनुरा कुमारा दिसानायके अध्यक्ष झाले. त्यांचा पक्ष वर्षानुवर्षे रस्त्यावर उतरून अशा करारांना विरोध करत आला होता आणि भ्रष्टाचार हाच त्यांच्या प्रचाराचा मुख्य विषय होता. २०२५ च्या जानेवारीत ते बीजिंगला गेले आणि हंबनटोट्यात ३ अब्ज ७० कोटी डॉलरचा तेलशुद्धीकरण कारखाना उभारण्यासाठी सिनोपेक या चिनी सरकारी तेल कंपनीशी करार झाला. एवढी मोठी परकीय गुंतवणूक श्रीलंकेत आजवर आलेली नाही, असे सरकारने अभिमानाने सांगितले. या वेळी पैसा कर्जाचा नसून कंपनीचा आहे, हा फरक खरा आहे आणि तो लहान नाही. एप्रिलमध्ये भारताचे पंतप्रधान कोलंबोला गेले आणि संरक्षण सहकार्यासह अनेक सामंजस्य करारांवर सह्या झाल्या. त्यांचे मसुदे संसदेपुढे ठेवावेत अशी मागणी विरोधकांनी लगोलग केली. मागणी करणाऱ्यांत असेही होते की जे स्वतः सत्तेवर असताना चिनी करारांचे कागद कुलपात ठेवून बसले होते. दिसानायके यांचे कार्यकर्ते याचीच आठवण करून देतात, आणि ती आठवण रास्त आहे. पण मसुदे मागणाऱ्याचा इतिहास वाईट आहे म्हणून मसुदे दाखवू नयेत, असे काही त्यातून निघत नाही.